नकाशावरचा तालुका आणि माणसांचा तालुका

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तहसील कचेरीत, पंचायत समितीत किंवा शाळेच्या वर्गात भिंतीवर टांगलेला जिल्ह्याचा नकाशा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. जळगाव जिल्ह्याच्या नकाशात पंधरा तालुके असतात. शेजारच्या तालुक्यात मिसळू नये म्हणून प्रत्येकाला वेगळा रंग दिलेला असतो. आपला पारोळा त्यात नैर्ऋत्येच्या अंगाला आहे. उत्तरेला अमळनेर, पूर्वेला एरंडोल, दक्षिणेकडे भडगाव आणि पश्चिमेला शीव ओलांडली की धुळे जिल्हा. हा नकाशा पाहताना आपल्या मनात नकळत एक समजूत तयार होते. रंग जसा सगळीकडे सारखा पसरलेला आहे, तशी माणसंही सगळीकडे सारखीच पसरलेली असतील, असं वाटतं. भूगोलाचा शिक्षक म्हणून माझं निम्मं आयुष्य ही समजूत मोडण्यात गेलं.

एक साधा आकडा घेऊ. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाख २९ हजार ९१७ आणि क्षेत्रफळ ११ हजार ७६५ चौरस किलोमीटर. भागाकार केला की दर चौरस किलोमीटरला ३६० माणसं येतात. महाराष्ट्राची सरासरी ३६५. म्हणजे आपला जिल्हा जवळजवळ राज्याच्या सरासरीवर बसलेला. पण ३६० माणसं असलेला चौरस किलोमीटर शोधायला निघालात तर पायपीट फुकट जाईल. सातपुड्याच्या रांगेत चालत राहिलात तर तासभर माणूस भेटायचा नाही. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात एका गावाचं गावठाण संपतं न संपतं तोच दुसऱ्याचे दिवे दिसू लागतात. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत आणि जळगावच्या जुन्या पेठांत हजारो माणसं एका चौरस किलोमीटरमध्ये राहतात. सरासरी हा हिशेबाचा आकडा आहे, तिथे कुणी राहत नाही.

शाळेच्या भूगोलात लोकसंख्येचा नकाशा काढायच्या दोन पद्धती आम्ही शिकवतो. एक क्षेत्रघनी पद्धत. तिच्यात प्रत्येक तालुक्याला घनतेप्रमाणे फिकी किंवा गडद छटा द्यायची. दुसरी टिंब पद्धत. एक टिंब म्हणजे पाचशे माणसं असं ठरवायचं आणि माणसं जिथे आहेत तिथेच टिंब द्यायचं. पहिली पद्धत सोपी, कचेरीला सोयीची. दुसरी वेळखाऊ, कारण तिच्यासाठी गावं माहीत असावी लागतात.

मी मुलांना तालुक्याची कोरी सीमारेषा द्यायचो आणि टिंबं भरायला सांगायचो. पहिल्या खेपेला बहुतेक मुलं रांगोळीच्या ठिपक्यांसारखी समान अंतरावर टिंबं देत. मग मी तोच कागद घेऊन त्यावर बोरी नदी काढायला लावायचो. तिला मिळणारे नाले काढायला लावायचो. धुळ्याहून पारोळ्यामार्गे एरंडोल-जळगावकडे जाणारा हमरस्ता काढायला लावायचो. आणि मग विचारायचो, आता तुमचं गाव दाखवा. मुलाचं बोट आपोआप नदीकडे किंवा रस्त्याकडे जायचं. तामसवाडी, बहादरपूर ही बोरीकाठची गावं. ज्याचं गाव माळावर असेल तोही सांगायचा, की आमच्याकडे नाला आहे आणि त्याच्या थडीवरच गावठाण आहे. दुसऱ्या खेपेचा नकाशा पूर्ण झाला की टिंबांच्या ओळी दिसू लागत. मधली मोठी जागा कोरी राहायची. तालुक्याची सीमा पुसून टाकली तरी तो नकाशा वाचता यायचा, कारण पाणी, काळी जमीन आणि रस्ता यांनी तो काढलेला होता.

पारोळा शहर या ओळींत कुठून आलं, हेही पाहण्यासारखं आहे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे, की पारोळा हे मुळात पन्नास घरांचं खेडं होतं. जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी त्याचं तटबंदीचं गाव केलं आणि १७२७ मध्ये तो भुईकोट बांधला, जो आजही शहराच्या मध्यावर उभा आहे. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या घराण्याशी पारोळ्याचं नातं सांगितलं जातं ते या जहागिरीमुळेच. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी जहागीर जप्त केली आणि किल्ल्याची मोडतोड केली. गाव मात्र टिकलं, बाजार टिकला. एका जहागीरदाराच्या मनात आलं आणि पन्नास घरांच्या जागी पेठ उभी राहिली. लोकसंख्येच्या भूगोलात जमीन आणि पाणी तर असतंच, सत्ताही असते.

पुढे सत्तेचं हे काम रेल्वेने हाती घेतलं. १८६० च्या दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ अशी गेली आणि भुसावळसारखं लहान गाव बघता बघता मोठं जंक्शन झालं. १९०० च्या सुमारास सुरतेकडची तापी खोऱ्याची रेल्वे अमळनेरवरून गेली. अमळनेरला गिरणी आली. १९४५ साली तिथेच वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, ज्याला आज जग विप्रो म्हणून ओळखतं. पारोळा या दोन्ही रुळांच्या मध्ये राहिलं. आम्हाला गाडी पकडायला आजही वीसेक किलोमीटरवरच्या अमळनेरला जावं लागतं. पारोळ्याच्या वाट्याला आला तो रस्ता. पूर्वी हाजीरा ते कोलकाता असा असलेला राष्ट्रीय महामार्ग शहराला लागूनच जातो. गेल्या तीस-चाळीस वर्षांत नवी घरं, गॅरेज, हॉटेलं, शाळा यांची वाढ या रस्त्याच्या दिशेने झाली. टिंबांचा नकाशा पुन्हा काढला तर टिंबं किल्ल्याकडून महामार्गाकडे सरकलेली दिसतील.

आता माणसांवरून सीमांकडे वळू. भिंतीवरच्या नकाशातल्या त्या ठळक रेषा फार जुन्या आहेत असं आपल्याला वाटतं. तसं नाही. १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती आला तो एकच मोठा खानदेश. त्याआधी १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांची धूळधाण आणि पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ. त्यात हा मुलूख इतका उजाड झाला होता, की गावांची नावं दप्तरात होती आणि जागेवर माणूस नव्हता. महसुली भाषेत अशा गावाला ‘बेचिराख’ म्हणतात, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं गाव. हा शब्द आपल्या महसुली कागदांत अजून जिवंत आहे. तलाठ्याच्या यादीत गाव असतं, त्याची शीव असते, शेतं असतात, आकार बसलेला असतो, पण वस्ती नसते. जनगणनेच्या यादीतही अशा गावाला स्वतःचा क्रमांक मिळतो आणि लोकसंख्येच्या रकान्यात काहीच नसतं.

मग जमिनीची मोजणी आली. साखळी घेऊन शिवारात उतरलेला मोजणीदार म्हणजे सारावाढ, हे शेतकऱ्याला लगेच कळलं. १८५२ मध्ये खानदेशात मोजणीविरुद्ध मोठा दंगा झाला. एरंडोल, सावदा, फैजपूर या भागांत लोक हजारोंनी जमले आणि सरकारला फौज आणावी लागली. एरंडोल म्हणजे आपला सख्खा शेजार. नकाशा काढणं ही निरुपद्रवी गोष्ट नाही, तो ज्याच्या हाती त्याच्या हाती हिशेब, हे आपल्या पणजोबा-खापरपणजोबांना तेव्हाच समजलं होतं.

सीमाही सारख्या हलत राहिल्या. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा मालेगाव, नांदगाव, बागलाण हे भाग खानदेशातून निघून तिकडे गेले. १९०६ मध्ये उरलेल्या खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे. त्या काळात पारोळा हा पूर्ण तालुका नव्हता, अमळनेर तालुक्यातला तो एक पेठा होता. भुसावळमध्ये एदलाबाद, पाचोऱ्यात भडगाव, तसा अमळनेरमध्ये पारोळा. पुढे पेठ्याचा तालुका झाला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर पूर्व-पश्चिम ही नावं गेली आणि जळगाव, धुळे ही नावं आली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. धरणगाव आणि बोदवड हे नवे तालुके झाले आणि १९९१ च्या जनगणनेत तेरा तालुक्यांचा असलेला आपला जिल्हा २००१ मध्ये पंधरा तालुक्यांचा झाला. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं.

या सगळ्यामागे लोकसंख्या आहे. १८८१ मध्ये संपूर्ण खानदेशात सुमारे १२ लाख ३७ हजार माणसं होती. छपन्नच्या दुष्काळाने, म्हणजे १८९९-१९०० च्या, माणसं इतकी खाल्ली की १८९१ ते १९०१ या दशकात खानदेशची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. आणि २०११ मध्ये जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांची बेरीज ७९ लाख २९ हजार झाली. जमीन जवळपास तेवढीच, माणसं सहापटीहून जास्त. एका कलेक्टरने सांभाळलेला मुलूख आज तीन कलेक्टर सांभाळतात, त्याचं कारण हेच.

याच्या अगदी उलट गोष्ट अमेरिकेच्या पश्चिमेकडे घडली आहे. मोंटाना नावाचं तिथलं एक राज्य क्षेत्रफळाने आपल्या महाराष्ट्राहून मोठं आहे, पण २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १० लाख ८४ हजार भरली, म्हणजे एकट्या जळगाव जिल्ह्याच्या जेमतेम चौथा हिस्सा. तिथे जिल्ह्याला ‘काउंटी’ म्हणतात. १९०९ च्या एका कायद्याने कोरडवाहू भागात येऊन राहणाऱ्याला ३२० एकर जमीन फुकट मिळू लागली आणि लोकांचा लोंढा आला. प्रत्येक नव्या वस्तीला आपली कचेरी जवळ हवी होती. १९१० मध्ये २८ काउंट्या होत्या, १९२५ पर्यंत त्या दुप्पट, ५६ झाल्या. पण १९१७ पासून पावसाने पाठ फिरवली होती. काउंट्यांच्या रेषा आखल्या जात होत्या तेव्हाच माणसं घरदार सोडून चालली होती. सगळ्यात शेवटी, १९२५ मध्ये झालेल्या पेट्रोलियम काउंटीत २०२० मध्ये किती माणसं होती? ४९६. आपल्याकडच्या एखाद्या लहान गावाएवढी. आणि जागा सुमारे ४ हजार ३०० चौरस किलोमीटर, आपल्या जिल्ह्यातल्या सरासरी तालुक्याच्या पाचपट.

तिथली आणखी एक गंमत. मोंटानात गाडीच्या नंबर प्लेटवर सुरुवातीला काउंटीचा क्रमांक असतो, जसा आपल्याकडे जळगावला एकोणीस आणि धुळ्याला अठरा. तिथे हे क्रमांक १९३० च्या सुमाराच्या लोकसंख्येच्या उतरत्या क्रमाने दिले होते. तेव्हा ब्यूट या तांब्याच्या खाणींच्या शहराची काउंटी पहिली होती. खाणी थंडावल्या, माणसं गेली, पण एक नंबर अजून तिच्याकडेच आहे. आज तिथली सर्वांत मोठी काउंटी गाडीवर तीन नंबर लावून फिरते. एकदा घेतलेला आकडा कागदावर किती चिवट बसतो, त्याचं हे उदाहरण.

आणि असा चिवट बसलेला आकडा आपल्याकडे केवळ गंमत राहत नाही. पारोळा नावाचा विधानसभेचा मतदारसंघ होता, हे तरुण श्रोत्यांना कदाचित ठाऊक नसेल. २००८ मध्ये मतदारसंघांची पुनर्रचना झाली. तिचा आधार होता २००१ च्या जनगणनेची लोकसंख्या. त्या पुनर्रचनेत पारोळा मतदारसंघ संपला आणि आपला तालुका एरंडोल मतदारसंघात गेला. गंमत अशी, की एरंडोल नावाचा लोकसभा मतदारसंघ होता, तोही त्याच वेळी गेला. हे बरं झालं की वाईट, यात मी शिरत नाही. शहरं वाढली की त्यांच्या वाट्याच्या जागा वाढतात आणि कमी वाढलेल्या ग्रामीण भागाच्या जागा मोठ्या मतदारसंघात विरघळतात, हा त्या गणिताचा नियम आहे. पण हे गणित मांडलं जातं ते प्रगणकाने दारावर येऊन लिहिलेल्या आकड्यावर, हे आपण विसरतो.

हाच आकडा आणखी खाली, थेट गल्लीपर्यंत येतो. ग्रामपंचायतीत सदस्य किती असावेत हे लोकसंख्येवर ठरतं. दीड हजारापर्यंत सात, तीन हजारापर्यंत नऊ, असं करत सतरापर्यंत. मैदानी भागात तीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे सात कोटी लाभार्थी आले, ते २०११ च्या लोकसंख्येवरून. त्यानंतर जन्मलेल्या, लग्न होऊन आलेल्या, वेगळ्या निघालेल्या कुटुंबांचा हिशेब त्या आकड्यात नाही. रेशन दुकानावर नाव चढत नाही म्हणून माणूस दुकानदाराशी भांडतो, पण यादीची मर्यादा आखून दिलेली असते ती जुन्या जनगणनेने.

आकड्यांचा नकाशा कधीकधी आपल्याला आरसाही दाखवतो. सधन जिल्ह्यांना गडद आणि गरीब जिल्ह्यांना फिका रंग दिला, तर खानदेशात जळगाव गडद आणि नंदुरबार फिका येईल. आता दुसरा नकाशा काढा. सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली किती, याचा. २०११ मध्ये नंदुरबारमध्ये हा आकडा ९४० च्या आसपास होता आणि जळगावमध्ये ८४२. त्याआधी दहा वर्षांपूर्वी जळगावमध्ये तो ८८० होता. म्हणजे दहा वर्षांत आपण आणखी खाली गेलो आणि बीडच्या पाठोपाठ राज्यात शेवटून दुसरे आलो. केळी, कापूस, सोन्याची बाजारपेठ या गोष्टींचा अभिमान असलेल्या आपल्या जिल्ह्याचा रंग या नकाशात फिका पडतो आणि ज्या आदिवासी जिल्ह्याला आपण मागासलेला म्हणतो त्याचा गडद होतो. माझ्या वर्गात हे दोन नकाशे शेजारी-शेजारी लावले की मुली नकाशाकडे बघत आणि मुलगे खाली मान घालत. मला वेगळं काही सांगावं लागत नसे.

आता थोडं प्रत्यक्ष कामाबद्दल. १९९१ आणि २००१ या दोन जनगणनांत मी प्रगणक होतो, २०११ मध्ये पर्यवेक्षक. प्रगणकाच्या हाती पहिल्यांदा येतो तो कोरा कागद. त्याच्यावर त्याने आपल्या वाट्याला आलेल्या भागाचा नजरी नकाशा काढायचा असतो. फूटपट्टीने मोजलेला नव्हे, डोळ्यांनी पाहिलेला. रस्ता, देऊळ, मशीद, शाळा, विहीर, पाण्याची टाकी, वडाचं झाड, आणि मग घर क्रमांक एक, दोन, तीन. सर्व्हेच्या नकाशात गावठाण हा एक काळा ठिपका असतो. नजरी नकाशात त्या ठिपक्याच्या पोटातली माणसं दिसू लागतात. माझ्या मते देशातला सगळ्यात प्रामाणिक नकाशा तोच, कारण तो पायी चालून काढलेला असतो.

पायी चालताना कळतं, की गाव गावठाणात संपत नाही. शेतात राहायला गेलेली दोन-चार कुटुंबं असतात. विहिरीजवळ सालदाराची खोली असते. टेकाडापलीकडे बंजारा समाजाचा तांडा असतो किंवा भिल्ल वस्ती असते, जिची लोकसंख्या मूळ गावाच्याच आकड्यात धरली जाते. तांड्याचं स्वतंत्र नाव यादीत येत नाही, म्हणून तिथे रस्ता का नाही हे विचारायला आकडाही नसतो. प्रगणक तिथपर्यंत चालत गेला तर निदान माणसं मोजली जातात. गावच्या पारावर बसून कुणी ‘तिकडे पंधरा घरं असतील’ असं सांगितलं आणि प्रगणकाने ते लिहिलं, तर नकाशा पुन्हा कचेरीचा झाला.

दुसरी अडचण कुलपाची. जनगणना आपल्याकडे फेब्रुवारीत होते. २००१ आणि २०११ या दोन्ही वेळा शिरगणतीचे दिवस ९ ते २८ फेब्रुवारी होते आणि आकडा धरला गेला तो १ मार्च सुरू होतानाच्या मध्यरात्रीचा. भूगोलाच्या दृष्टीने आमच्या भागात हा हंगाम माणसं बाहेर असण्याचा. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत. जनगणनेचा नियम असा होता, की त्या पूर्ण वीस दिवसांत जो घरी नव्हता तो घरी मोजायचा नाही, जिथे असेल तिथे मोजायचा. नियम तर्काला धरून आहे, नाहीतर एक माणूस दोनदा मोजला जाईल. पण परिणाम बघा. तांड्यातली निम्मी माणसं साखर कारखान्याच्या फडावरच्या कोप्यांमध्ये मोजली जातात, जिथे ती पुढच्या वर्षी असतीलच असं नाही. आणि जिथे त्यांची मुलं शाळेत घालायची आहेत, जिथे त्यांना आठ महिने पाणी आणि दवाखाना लागणार आहे, त्या गावाचा आकडा तेवढ्याने कमी भरतो.

तिसरी गोष्ट सुरतेची. खानदेशातलं असं गाव दाखवा, ज्यातलं एकही घर सुरतेला नाही. उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत फिरलं की अहिराणी कानावर येते, दुकानांच्या पाट्यांवर ओळखीची आडनावं दिसतात. अमळनेर स्टेशनवरून जाणाऱ्या गाडीने दोन पिढ्या तिकडे नेल्या. २००१ मध्ये एका घरी मी विचारलं होतं, ‘माय, तुम्हना घरमा कितला माणसे शेतस?’ म्हातारी म्हणाली, ‘आते ते मी एकलीच शे, बाकीना सुरतले गयात.’ पाच खोल्यांचं घर, ओटा सारवलेला, आणि माझ्या तक्त्यात एक ओळ. तिच्या हिशेबी त्या घरात अकरा माणसं होती. गावच्या जत्रेला, लग्नाला, भाऊबंदकीच्या वादाला ती अकराही हजर असत. जनगणनेच्या हिशेबी एक. दोन्ही हिशेब आपापल्या जागी खरे आहेत. माणसांचा तालुका नकाशावरच्या तालुक्याबाहेर कुठवर पसरलेला आहे, हे मात्र त्या एका ओळीतून कधीच दिसणार नाही.

आणि चौथी गोष्ट भाषेची. तक्त्यात मातृभाषेचा रकाना असतो. सांगणारा जी सांगेल ती लिहायची, असा नियम. अहिराणी धरून ‘खानदेशी’ या शीर्षकाखाली २००१ मध्ये देशात सुमारे २० लाख ७५ हजार लोकांची नोंद झाली होती. २०११ मध्ये ती सुमारे १८ लाख ६० हजार झाली. या दहा वर्षांत खानदेशची लोकसंख्या तर वाढली. मग दोन लाख माणसं गेली कुठे? काहींनी घरात अहिराणी बोलणं सोडलं असेल. पण कितीतरी घरांत प्रगणकाने न विचारता ‘मराठी’ लिहिलं असणार, आणि कितीतरी घरांत अहिराणीतच उत्तरं देणाऱ्या माणसाने संकोचाने ‘मराठी’ सांगितलं असणार. अहिराणी सांगितल्याने मराठीचं काही कमी होत नाही. आपली माय कोण, हे सांगताना मावशीला राग येत नाही.

१८८१ पासून भारतात दर दहा वर्षांनी न चुकता जनगणना होत आली होती. दोन महायुद्धांत आणि फाळणीनंतरही तो क्रम तुटला नव्हता. २०२१ ची जनगणना करोनामुळे लांबली आणि क्रम पहिल्यांदा तुटला. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने नव्या जनगणनेची अधिसूचना काढली. तिचा संदर्भ दिवस आपल्या भागासाठी १ मार्च २०२७, आणि त्याआधी २०२६ मध्ये घरयादी. या जनगणनेत जातीची नोंद आहे आणि माहिती कागदाऐवजी मोबाइलवर भरण्याची योजना आहे. गावं, तालुके, जिल्हे यांच्या सीमा ३१ डिसेंबर २०२५ रोजी जशा असतील तशाच धरायच्या, असंही ठरलं. म्हणजे २०११ नंतर सोळा वर्षांनी नकाशावरचा तालुका आणि माणसांचा तालुका पुन्हा एकमेकांवर ठेवून पाहण्याची ही वेळ आहे. नंतरची कितीतरी वर्षं शाळा, उपकेंद्र, रेशन, पंचायतीच्या जागा यांची गणितं याच आकड्यांवर होतील.

म्हणून माझं सांगणं अगदी घरगुती आहे. तुमच्या वाडीवर, मळ्यावर, तांड्यावर प्रगणक आला नाही तर वाट बघू नका, ग्रामपंचायतीत किंवा तहसील कचेरीत जाऊन विचारा. जनगणनेत तहसीलदार हाच आपल्या तालुक्याचा चार्ज अधिकारी असतो. घरयादीत आपल्या घराला क्रमांक मिळाला का ते बघा. मुलगा सुरतेला असेल तर त्याला फोन करून सांगा, की बाबा, तिथे तरी तुझं नाव घाल, कुठेच नाही असं होऊ देऊ नकोस. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी फडावर प्रगणक आल्यास आपलं मूळ गाव आणि किती दिवसांपासून बाहेर आहात ते नीट सांगा, कारण स्थलांतराचा प्रश्न तक्त्यात असतो आणि त्याच उत्तरांतून पुढे कळतं की कुठल्या तालुक्यातून किती माणसं बाहेर पडतात. घरातल्या लहान मुलींची नावं विसरू नका. आणि भाषा विचारली तर जी घरात बोलता ती सांगा.

शिक्षक मित्रांनाही एक विनंती. हे काम पुन्हा तुमच्याच गळ्यात पडणार आहे. शाळा सांभाळून, उन्हात फिरून, लोकांचे प्रश्न ऐकत ते करावं लागतं, याची मला पूर्ण कल्पना आहे. मोबाइलवर नकाशा आला म्हणून पायांचं काम संपत नाही. शेवटच्या घरापलीकडे आणखी एखादी पायवाट दिसली तर तिच्यावरून पुढे जा. बहुतेक वेळा तिच्या टोकाला एक घर असतं.